जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर बदलताना आणि पीयूसी घेताना

१९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी नागपुरात आजही अनेकांनी जपून ठेवली आहे. यांपैकी २००० सालापूर्वीच्या गाड्यांना कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असल्याने नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली की त्यांचा धूर चिंतेचा विषय ठरतो. अशा वेळी थेट नवा कार्बोरेटर घेण्याकडे कल असतो. त्याआधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इग्निशन टायमिंग आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या झडपांची फट) तपासून घ्यावे, कारण यांतला दोष नवा कार्बोरेटर झाकू शकत नाही. त्यानंतर थ्रॉटलचा (पेडलने उघडणाऱ्या झडपेचा) शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून पाहावा. तो झिजून ढिला झाला असेल, तर त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि आयडल (पेडल न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते तो वेग) कधीच स्थिर राहत नाही. साफसफाई किंवा रिपेअर किट यांनी ही झीज भरून निघत नाही, म्हणून माझ्या मते कार्बोरेटर बदलण्याचे हेच खरे कारण आहे.

नवा भाग विकत घेताना जुना शेजारी ठेवून बोअरचा व्यास, जेटवरील (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या भागांवरील) आकडे, व्हॅक्यूमच्या नळ्यांची तोंडे आणि केबल जोडण्याची जागा यांची एकेक करून तुलना करावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि तडकतात. त्या याच वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात.

काम इंजिन थंड असताना, उघड्या जागी आणि अग्निशामक जवळ ठेवून करावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पेट्रोल फार वेगाने उडते, त्यामुळे उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकलेले बरे. बॅटरीची ऋण तार सोडवून एअर क्लीनर काढावा. त्यानंतर प्रत्येक नळीला चिकटपट्टीने क्रमांक द्यावा आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण एक नळी चुकीच्या तोंडावर बसली तरी दिवसभर शोधाशोध होते. चोक व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, इंधनाच्या नळ्या आणि विजेची जोडणी सोडवून नट काढावेत. कार्बोरेटर उचलताच मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मार्गाच्या) तोंडात स्वच्छ कापड कोंबावे, म्हणजे गॅस्केट खरवडताना तुकडे इंजिनात पडणार नाहीत. उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर तडकलेला नाही हे पाहून नवे गॅस्केट लावावे, कापड आठवणीने काढावे आणि नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे-थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केल्यास तळ वाकतो. केबल जोडल्यावर कोणाला तरी पेडल दाबायला सांगून थ्रॉटल पूर्ण उघडते आणि पूर्ण बंद होते, याची खात्री करून घ्यावी.

मिक्श्चर स्क्रू (आयडलवर मिश्रणातील पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू) हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेऊन सुमारे दोन-अडीच फेरे बाहेर काढावा. इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्यावे आणि पेट्रोल कुठे झिरपत नाही ना, हे पाहावे. मग आयडल कंपनीने सांगितलेल्या वेगावर ठेवून स्क्रू हळूहळू फिरवावा. ज्या जागी वेग सर्वाधिक व स्थिर मिळतो, तिथून स्क्रू किंचित आत नेला की मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यातील पेट्रोल कमी होते, आणि धूर स्वच्छ राहतो.

पीयूसीच्या (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राच्या) पावतीवरील दोन आकडे नीट वाचायला हवेत. भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या निकषांवर बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम (दहा लाखांमागे भाग) आहे. त्यानंतरच्या गाड्यांच्या मर्यादा बऱ्याच कडक असल्यामुळे तपासणी केंद्रातील संगणकात आपल्या गाडीचे उत्पादन वर्ष बरोबर नोंदले आहे का, हे अवश्य पाहावे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. त्यासाठी चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी उंच आहे का आणि फिल्टर तुंबला आहे का, हे तपासावे. केवळ हायड्रोकार्बन जास्त असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे. मी एकदा या आकड्यामुळे नापास झाल्यावर स्क्रू आणखी आत नेला आणि आकडा उलट वाढला, कारण मिश्रण इतके पातळ झाले होते की ठिणगी चुकू लागली होती. खरा दोष तडकलेल्या व्हॅक्यूम नळीत निघाला. मिक्श्चर स्क्रूचा परिणाम प्रामुख्याने आयडलपुरता असतो, त्यामुळे तपासणीत उत्तीर्ण झालेली गाडी भरधाव असताना काळा धूर सोडत असेल, तर मुख्य जेटचा आकडा पुन्हा पडताळावा.

तपासणीला थंड गाडी नेऊ नये. किमान १५ ते २० मिनिटे चालवून लगेच केंद्रात न्यावी. नवे गॅस्केट काही दिवसांत दबून बसते, म्हणून सुमारे ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर सर्व नट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.