कांद्याची मुळं, ऱ्हिओचं पान आणि शुक्रवारचं प्रात्यक्षिक

पेशीविभाजन आणि पेशीपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) यांचं प्रात्यक्षिक शुक्रवारी असेल, तर कांदे रविवारीच पाण्यावर बसायला हवेत. सांगलीच्या मार्केट यार्डातून आणा नाहीतर घरच्या टोपलीतून घ्या, फक्त घट्ट आणि कोंब न आलेले बघा. बुडाची जुनी वाळकी मुळं ब्लेडनं खरवडून टाका, पण खालच्या चकतीला धक्का लावू नका. नवी मुळं तिथूनच फुटतात. बरणीच्या तोंडावर कांदा असा ठेवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला. आणि एकाच कांद्यावर भिस्त नको, तीन-चार लावा, एखादा हमखास कुजतो.

बुधवारी सकाळी आठ ते दहाच्या सुमारास मुळांची टोकं कापा. शाळा अकराला भरत असेल तर बरण्या घरीच ठेवलेल्या बऱ्या. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झालेली असावीत. एक भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल हे मिश्रण त्याच वेळी तयार करा आणि टोकं लगेच त्यात टाका. पेशी झटकन मरायला हव्यात, म्हणजे जी ज्या अवस्थेत असेल तिथंच थांबते. 24 तासांनी टोकं 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवा.

पेशीपटलाच्या प्रयोगाला मात्र उलट, जिवंत पेशीच लागते. आपल्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात परासरण (पटलातून पाण्याचं आत-बाहेर जाणं) म्हटलं की बेदाणा पुढे येतो. तो ठेवा, पण सुरुवातीला गंमत म्हणून. ज्यांच्या घरी बेदाण्याची शेड आहे ती पोरं सांगतीलच, की द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर फुटतो आणि पाणी लवकर उडून जातं. ते बाष्पीभवन, परासरण नव्हे. शिवाय वाळलेल्या फळात पेशीपटलं धड राहत नाहीत. बेदाणे भिजवलेलं पाणी गोड लागतं ते साखर बाहेर आल्यामुळं. शाबूत पटलानं ती अशी सोडली नसती. (चव घरीच बघायला सांगा, प्रयोगशाळेत नाही.)

म्हणून कुंडीतल्या ऱ्हिओचं (पाठीकडून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड) पान त्याच सकाळी तोडून आणा. पाठीचा जांभळा पापुद्रा चिमटीनं सोलायचा. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून ठेवा, ड्रॉपर आणि टिपकागद हाताशी असू द्या. आधी साध्या पाण्यात बघा: जांभळा रंग भिंतीपर्यंत भरलेला दिसतो. मग मिठाचं पाणी सोडा. भिंत जागची हलत नाही, आतला रंग मात्र आक्रसून मध्ये गोळा होतो. हाच रससंकोच. आता एका बाजूनं साधं पाणी सोडत दुसऱ्या बाजूनं टिपकागदानं खारं पाणी ओढून घ्या. रंग पुन्हा पसरला, तर पटल जिवंत आहे. पापुद्रा मिठात फार वेळ ठेवलात तर तो परत फुलत नाही, एवढं सांभाळा.

शुक्रवारी अल्कोहोलमधली कांद्याची टोकं रंगवायला टेबलावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, अॅसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग) आणि स्पिरिटचा दिवा हवा. टोक रंगात ठेवून काचपट्टी नुसती कोमट करायची, रंग उकळला की संपलं. टोकाचा जो दोन-तीन मिलिमीटर भाग गडद रंगतो तेवढाच ठेवून बाकीचा काढून टाका. कव्हरस्लिपवर टिपकागद धरून अंगठा सरळ दाबा. सरकला की पेशी एकमेकींवर चढतात. बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्याच दिसतील, हे पोरांना आधीच सांगा. विभाजनातल्यांत पूर्वावस्था (विभाजनाची पहिली अवस्था) जास्त सापडते, कारण तीच जास्त वेळ चालते. कांद्याची 16 गुणसूत्रं मोजायचा हट्ट मात्र धरू नका.

प्रश्न येणारच. चरबीच्या पटलातून पाणी जातं कसं? त्यासाठी अॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटा असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अॅग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऊर्जा खर्चून चालणाऱ्या वाहतुकीसाठी सोडियम-पोटॅशियम पंप सांगा: एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) तीन सोडियम आयन बाहेर, दोन पोटॅशियम आत. एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, की भिंत असताना कांद्याची पेशी चिमटून दोन कशी होते? ती चिमटत नाहीच. गॉल्गी संकुल या पेशीतल्या अंगकातून आलेल्या पिटिका (छोट्या पिशव्या) मधोमध जमून एकमेकींत मिसळतात, आतल्या मालातून नवी भिंत उभी राहते आणि पिटिकांचीच पटलं दोन्ही जन्यपेशींची (विभाजनातून झालेल्या पेशींची) नवी पटलं होतात. याची आकृती फळ्यावर आधीच काढून ठेवा, ऐनवेळी घाईत बिघडते.

अॅसिटोकार्मिनचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, जुने शर्ट घालून यायला सांगा. आणि ब्लेडं मोजून द्या, मोजून परत घ्या.