छप्पर नसलेली मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये, बेताच्या पैशांत कशी उभी करावी

जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे घडी होणाऱ्या कापडी छताची मोटार, बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते, मग क्रोमच्या बंपरवर, मग सीटांवर. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो तेवढंच पुसून-चमकवून ठेवतो. तुम्ही मात्र जुने कपडे घालून जा, सोबत बॅटरी (टॉर्च) आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि थेट गाडीखाली पाठ टेका. पैसे वाचणार की बुडणार, हे तिथेच कळतं.

बुटांच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोकं दोन्ही टोकांना धरून पिळून बघा. झाकण असताना ते ताठ राहतं, काढलं की वळतं. साध्या मोटारीत छप्पर आणि काचांचे खांब मिळून बराच भार पेलतात. कन्व्हर्टिबलमध्ये ते काम खालच्या पत्र्याला करावं लागतं. त्यामुळे जमीन, म्हणजे तळाचा पत्रा, सडलेली कन्व्हर्टिबल वरून कितीही देखणी असली तरी मधोमध वाकत असते. या लेखातला कामांचा क्रम याच एका गोष्टीवरून ठरला आहे. क्रम पाळला तर कामं दोनदा करावी लागत नाहीत, आणि घरच्या कामात सगळ्यात मोठा खर्च दोनदा केलेल्या कामाचाच असतो.

गाडी कोणती घ्यावी

मी १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग सुचवेन. माझी स्वतःची १९६५ ची आहे आणि अमेरिकेत ओहायोतल्या माझ्या गॅरेजमध्ये तिने चार हिवाळे काढले. पण आपुलकी हे त्यामागचं कारण नाही. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ही गाडी लोकांसमोर आली आणि पहिल्या दोन मॉडेल-वर्षांत तिच्या पावणेदोन लाखांच्या आसपास कन्व्हर्टिबल निघाल्या. गाड्या इतक्या असल्यामुळे सुटे भागही उदंड आहेत. जमिनीच्या पत्र्यापासून दरवाजाच्या रबरापर्यंत जवळजवळ सगळं आजही नवीन बनतं. कमी खपलेल्या एखाद्या गाडीची एक पट्टी शोधण्यात वर्ष जातं, आणि सापडली तर विकणारा म्हणेल ती किंमत.

पैसे बेताचे असतील तर सहा सिलिंडरची घ्या. संग्राहकांना व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, हवी असते, म्हणून सहा सिलिंडरची गाडी तुलनेने स्वस्तात मिळते. २०० घनइंचांचं हे इंजिन साधं आणि दणकट आहे. बॉनेटखाली हात घालायला जागाही भरपूर. एक अडचण सांगून ठेवतो: सहा सिलिंडरवाल्या गाडीच्या चाकांना चार नट असतात आणि व्ही-८ ला पाच. पुढे चाकं किंवा ब्रेक बदलायचे ठरले तर हा फरक आडवा येतो.

गाडी खरोखर कन्व्हर्टिबल म्हणून कारखान्यातून निघाली का, हे नंबरवरून पाहा. चालकाच्या बाजूला बॉनेट उघडल्यावर आतल्या मडगार्डच्या वरच्या कडेवर नंबर ठोकलेला असतो. पहिला आकडा वर्षाचा: ५ म्हणजे १९६५, ६ म्हणजे १९६६. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटुचन. त्यानंतरचे दोन आकडे शरीराचे, म्हणजे गाडीच्या बांध्याच्या प्रकाराचे, आणि ते ०८ असायला हवेत. ०७ असेल तर ती मुळात छपराची गाडी होती आणि कुणीतरी छप्पर कापलंय. ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आकड्यांनंतरचं अक्षर इंजिनाचं; २०० च्या सहा सिलिंडरला टी. हाच नंबर मालकीच्या कागदावर आहे का, ते पैसे देण्याआधी अक्षर-अक्षर लावून ताडून घ्या.

बादलीभर पाणी

पुढच्या काचेखाली, वायपरच्या समोर हवेच्या जाळ्या आहेत. त्यांच्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी असते. पावसाचं पाणी तिच्यात शिरतं आणि बाजूंनी निघून जातं, निदान जायला हवं. साठ वर्षांची पानं आणि माती तिथे साचते, ओल धरते आणि आतून पत्रा खाते. मालकाच्या परवानगीने त्या जाळ्यांत बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली बॅटरी मारून बघा. आत थेंब पडले तर ती पेटी गेली आहे, आणि ती दुरुस्त करायची म्हणजे मडगार्ड उतरवून वेल्डचे ढीगभर ठिपके ड्रिलने काढायचे. गाडी सोडायलाच हवी असं नाही. किंमत मात्र तिथेच खाली आणायची.

मग दरवाजांच्या फटी बघा. दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध खचली आहे. पुढच्या चाकामागून जॅक लावून ती बाजू थोडी उचला आणि दरवाजा उघडून-लावून पाहा. अडकायला लागला तर समजा की उंबरठे गेले. दरवाजाखालच्या त्या लांब पोकळ पट्ट्यांना मी उंबरठेच म्हणतो. कन्व्हर्टिबलमध्ये त्यांच्या आत जाड पत्र्याची आणखी एक पट्टी असते, पुढच्या सीटांखाली जमिनीला जोड-पत्रा असतो आणि पुढच्या चाकांमागे दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स नावाच्या पेट्या. या तिन्ही जागी स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. टणक लागायला हवं.

सोडवताना

इथे घाई नको, पण फार सांगण्यासारखंही काही नाही. प्रत्येक भागाचा काढण्याआधी फोटो. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट त्याच्याच नावाच्या पिशवीत. जुना भाग नवा हातात येईपर्यंत टाकायचा नाही, कारण नवे भाग नेहमी तंतोतंत बसत नाहीत आणि भोक कुठे होतं हे जुनाच सांगतो. त्या वर्षाचं फोर्डचं शॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, पुनर्मुद्रित मिळतं. पहिली खरेदी तीच करा. एकदाच लागणारी महाग हत्यारं विकत घेऊ नका. अमेरिकेत ऑटोझोन, ओरायलीसारख्या दुकानांत ती अनामत भरून नेता येतात आणि परत केली की अनामत परत मिळते. माझ्या गाडीचं सस्पेन्शन मी अशाच हत्यारांवर उतरवलं.

गंजलेल्या छोट्या लोखंडी भागांसाठी आपल्या ओळखीचा एक उपाय आहे: काकवी. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात ती डब्याने मिळते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात दोन-तीन आठवडे. बिजागऱ्या आणि कंस स्वच्छ राखाडी होऊन निघतात. वास येतो, म्हणून पिंप घराबाहेर ठेवा. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ओतीव भाग त्यात घालू नका, ते खराब होतात. बाहेर काढल्यावर भाग धुऊन, वाळवून लगेच प्रायमर मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतात.

जमीन

हे काम मला शेवटी करावं लागलं आणि त्याचं अजून वाईट वाटतं. उत्साहात मी आधी कार्पेट आणि सीटांची कव्हरं घेतली. कार्पेट तीन वर्षं गुंडाळून माळ्यावर पडलं, कारण खालचा पत्रा कापायला लागला.

पहिलं काम: गाडीचं वजन चाकांच्या जागीच राहू द्या. मागे ॲक्सलखाली आणि पुढे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली (कंट्रोल आर्म) स्टँड लावा, म्हणजे शरीर जसं रस्त्यावर असतं तसंच राहील. मधोमध उचलून कापलं तर गाडी वाकडी जोडली जाते आणि मग दरवाजे कधीच लागत नाहीत. फटी सारख्या आहेत याची खात्री झाल्यावर दोन्ही दरवाजांच्या चौकटींत चौकोनी नळीचे टेकू द्या: बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक, आणि एक आडवा, डावीकडून उजवीकडे. कर्णांची मापं घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. रोज काम सुरू करण्याआधी ती ताडून पाहा.

एका वेळी एकच बाजू कापा. आधी उंबरठा आणि टॉर्क बॉक्स, मग जमीन. जुने ठिपके स्पॉट-वेल्ड कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरते काढा. नव्या पत्र्याला साधारण ८ मिलिमीटरची भोकं पाडा आणि ती वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडा. अमेरिकेतल्या घरच्या ११० व्होल्टवर चालणारं मिग वेल्डिंग मशीन पुरतं, पण गॅसवर चालणारं घ्या. ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गॅसशिवायची तार स्वस्त पडते, पण पातळ पत्र्याला भोकं पाडते. लांब रेघ ओढू नका. इथे एक टाका, वीतभर दूर दुसरा, मधे थंड होऊ द्या. सरळ रेघ ओढली की पत्रा पापडासारखा फुगतो.

वेल्डिंग कधी केलं नसेल तर भंगार पत्र्यावर दोन-तीन शनिवार-रविवार सराव करा. जोडलेला तुकडा पकडीत धरून हातोडीने तोडून बघा. टाका सुटण्याऐवजी पत्रा फाटला तर हात बसला.

सुरक्षेत काटकसर नको. गाडीची बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून गॅरेजबाहेर ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा, कारण जुन्या सांध्यांतलं डांबरी सीलर आतल्या आत धुमसत राहतं. जस्त चढवलेल्या पत्र्याचा वेल्ड होणारा भाग आधी घासून घ्या. त्याच्या धुराने ताप भरतो. आणि वेल्ड करायच्या जागी ब्रेक क्लीनर कधीही मारू नका. त्यातल्या क्लोरीनयुक्त प्रकारांपासून उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू बनतो.

थांबणं, मग पळणं

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागाला, एकच कप्पा आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ च्या मॉडेलपासून फोर्डने दोन कप्पे दिले. तोच प्रकार जुन्या गाडीत बसवता येतो आणि मूळपणा जपण्याच्या नावाखाली हा बदल टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. घेताना पुढे ड्रम आहेत की डिस्क, ते सांगूनच घ्या. नळ्या तांबं-निकेलच्या घ्या. त्या हाताने वाकतात, गंजत नाहीत. रबरी नळ्या आणि चाकांतले सिलिंडर एकदमच बदला. ड्रममधली जुनी धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

अनेक वर्षं बंद असलेल्या इंजिनाला चावी लावू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस राहू द्या आणि क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या वर असेल तर इंजिन उघडायची गरज बहुधा नाही. कार्बोरेटर, पेट्रोलपंप आणि पाण्याचे पाइप एवढ्यावर ते सुरू होतं. पेट्रोलची नळी मात्र इथेनॉल सोसणारी हवी. जुनी टाकी आतून गंजली असेल तर स्वच्छ करत बसण्यापेक्षा नवी घ्या, ती परवडते. या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, म्हणून ती बसवताना सील नीट लावा. तेल जुन्या इंजिनांसाठीचं, जास्त जस्त असलेलं घाला.

छत आणि रंग

दोन्हींत अर्धं काम आपण करायचं आणि अर्धं कारागिराला द्यायचं, असं मी केलं. छताची लोखंडी कमान आधी एकटीच उघड-बंद करून बघा. ती वाकडी असेल तर महागडं कापडही सुरकुतणार. मग क्रमाने बाजूच्या पट्ट्या, मागची खिडकी आणि शेवटी कापड. विनाइल उन्हात पसरून मऊ होऊ द्या. थंडीत ताणलेलं छत बसल्यासारखं वाटतं, पण उन्हाळ्यात सैल पडतं. ताण काढायचं काम मी एका गादीवाल्याला दिलं.

रंगात पैसे जातात ते घासण्याच्या मजुरीत. ते काम घरी होतं: इपॉक्सी प्रायमर, पुट्टी शक्य तितकी पातळ, लांब फळीवर पॉलिश पेपर लावून घासणं. शेवटचा रंग बूथ असलेल्या दुकानात मारून घ्या. दोन घटकांच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यापुढे साधा कापडी मास्क कुचकामी आहे. जुने बंपर पुन्हा क्रोम करायला देण्याआधी नव्यांची किंमत विचारा, बहुतेक वेळा नवे स्वस्त पडतात.

विमा घेताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून देणारी पॉलिसी मागा. साध्या पॉलिसीत साठ वर्षांच्या गाडीची किंमत घसारा वजा करून काढतात आणि हातात काहीच येत नाही.

पहिले ८०-१०० किलोमीटर घराच्या आसपासच फिरवा, मग चाकांचे नट आणि ब्रेकचे सांधे पुन्हा तपासा. आणि दरवर्षी शरद ऋतूत पानगळ संपली की वायपरसमोरच्या जाळ्या व्हॅक्यूमने साफ करून पुन्हा बादलीभर पाणी ओता. पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांमागे पडायला हवं, आणि डॅशबोर्डखालचं कार्पेट कोरडं.