स्ट्रॅटोकास्टर गिटार सतत बेसूर होते? या चुका टाळा

स्ट्रॅट, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, घेतलेल्यांची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे ट्यूनिंग टिकत नाही. मग खापर ट्यूनरवर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांवर, फुटतं आणि तार घट्ट पकडून ठेवणारे महागडे लॉकिंग ट्यूनर मागवले जातात. बहुतेक वेळा हा खर्च वायाच जातो, कारण दुखणं दुसऱ्या टोकाला, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजमध्ये असतं.

1954 साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमधून ही गिटार बाजारात आणणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या ट्रेमोलोत, म्हणजे दांड्याने ब्रिज हलवून सूर खालीवर करायच्या यंत्रणेत, पुढून तारा ब्रिजला ओढतात, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट बाजूला ओढतात आणि त्या ओढाताणीत ब्रिज अधांतरी राहतो. म्हणूनच एक तार चढवली की बाकीच्या पाच किंचित उतरतात. नऊच्या बारीक तारा काढून दहाच्या जाड तारा लावल्या आणि स्प्रिंगांना हातच लावला नाही, तर ब्रिज मागून उचलला जातो, तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, म्हणजे फ्रेटपासून, वर जातात आणि सगळंच बिघडतं. अशा वेळी मागचं झाकण काढा, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे आवळा, पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा. ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण 3 मिमी वर राहिली की पुरे. सहाही तारा एकदम काढू नका. एकेक बदलली तर हा तोल ढळत नाही.

ट्रेमोलोचा दांडा वापरतच नसाल तर स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन मागे लाकडाचा ठोकळा बसवून तो अडवतो. त्यात कमीपणा कसला?

दांडा दाबून सोडल्यावर तार चढी राहते? मग ती नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर खात्रीच धरा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा, नवे ट्यूनर नंतर.

आवाज वाढावा म्हणून तारांखालचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) वर उचलणं ही दुसरी हमखास चूक. आतली चुंबकं तारेलाच ओढू लागतात. मग वरच्या फ्रेटवर जाड तारा दोन सुरांत थरथरल्यासारख्या वाजतात आणि कितीही खटपट केली तरी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर, जुळत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला साधारण 3.2 मिमी आणि बारीक बाजूला 2.4 मिमी अंतर ठेवा.

जुन्या धर्तीच्या पिकअपवर तिसऱ्या, म्हणजे ‘जी’ (G) सुराच्या तारेचा आवाज अंमळ मोठा येतो. पन्नाशीच्या दशकात ही तार वरून बारीक तार गुंडाळलेली असायची, म्हणून तिच्याखालचं चुंबक उंच ठेवलेलं आहे. ते ठोकून खाली बसवायला जाऊ नका! या पिकअपमध्ये केसासारखी बारीक तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते. चुंबक सरकलं की ती तुटते आणि पिकअप कायमचा मुका होतो.

गुणगुण हा मात्र बिघाड नव्हे. स्ट्रॅटचे एकाच गुंडाळीचे, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप विजेची 50 हर्ट्झची घरघर पकडणारच. तीनपैकी मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती जाते. मूळ स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो दोन जागांच्या मध्येच अडकवून ठेवायचे, आणि पाच जागांचा स्विच कारखान्यातून यायला 1977 उजाडलं.