हिला वारा पुरतो

गावाकडे लोहार विळ्याला पाणी पाजतो ते लहानपणापासून पाहिलेलं. तापलेला विळा पाण्यात, चर्र आवाज, झालं काम. आयटीआय करून साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या टूलरूममध्ये लागलो, तेव्हा भट्टीतून काढलेली केशरी डाय (पत्रा कापायचा साचा) नुसती जाळीवर ठेवलेली पाहून मी विचारलंच, "तेलात नाही टाकायची?" मिस्त्री म्हणाले, "डी-टू आहे. हिला वारा पुरतो."

डी-टू म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या पोलादाची एक ग्रेड. वारा पुरतो तो तिच्या पोटातल्या मसाल्यामुळे. सुमारे 1.5 टक्के कार्बन, 12 टक्के क्रोमियम, वर थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. साधं कार्बन पोलाद सावकाश गार झालं की मऊच राहतं. इथे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम ते मऊ पडणं इतकं लांबवतात की हवेत गार होतानाही मार्टेन्साइट, म्हणजे कडक रचना, तयार होते. गार होण्याचा झटका कमी, म्हणून जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, वाकतोही कमी. ब्लँकिंगचे (पत्र्यातून तुकडा छाटायचे) पंच आणि डाय, आटे पाडायच्या थ्रेड रोलिंगच्या डाय, पत्रा कापायची पाती यांत ही चालते. घासणं सोसते, दणके सोसत नाही.

माल घेताना नुसतं "एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) द्या" म्हणू नका. त्या नावाखाली डी-थ्री ही दुसरी ग्रेडही हातात पडते. त्यात कार्बन 2 टक्क्यांच्या वर, मॉलिब्डेनम नाही, आणि त्याला तेल लागतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

भट्टीत घाई नको. 650 अंशांवर थांबा, जॉब मोठा असेल तर 800च्या पुढे पुन्हा एकदा, मग 1010 ते 1030. उघडा तापवला तर वरच्या थरातला कार्बन जळतो आणि कातडी मऊ पडते. व्हॅक्यूम भट्टी नसेल तर आमच्याकडे बिडाच्या चुऱ्यात पॅक करतात.

माझी चूक पुढची. जॉब हाताला सोसेल इतका, 50-60 अंशांवर आला की लगेच टेंपरिंगला, म्हणजे ताण उतरवायला पुन्हा कमी आचेवर तापवायला, जायला हवा. त्या वेळी तो 62-64 रॉकवेल (कडकपणाचं माप) असतो, आतून ताणलेला आणि काचेसारखा. मला घाटकोपरहून कल्याण लोकल पकडायची होती. म्हटलं, उद्या करू. सकाळी डॉवेलच्या (जागा पक्की धरणाऱ्या खिळीच्या) भोकापासून कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर. शेठने पगार कापला नाही, पण ती डाय महिनाभर माझ्या बेंचवरून हलू दिली नाही. पगार कापलेला परवडला असता.

टेंपरिंग दोनदा करा, मध्ये जॉब पूर्ण गार होऊ द्या. 200 अंशांना साधारण 60 रॉकवेल मिळतो. नंतर वायरकट (तारेच्या विजेच्या ठिणगीने कापणं) करायचं असेल तर 500च्या वरचं टेंपरिंग बरं. दोन-तीन रॉकवेल जातात, पण ताण चांगला उतरतो. आणि दुपारनंतर भट्टी लावायची झाली, तर रात्री टेंपरिंगला कोण थांबणार हे मी आता आधी विचारतो.