रिकामी ॲम्ब्युलन्स परत आणताना या चुका टाळा

पेशंट कोल्हापूरला सोडला, सह्या झाल्या, स्ट्रेचर पुसून आत ढकलला आणि रात्री तीनला आंबा घाट उतरू लागलो. सायरन बंद, मागे कोणी नाही. साखरप्याच्या अलीकडे डॉक्टर ओरडले तेव्हा डावी चाकं साइडपट्टीवर होती. आधीचं वळण मी कसं घेतलं, आजही आठवत नाही.

जाताना डोळा लागला नाही, मग येताना कसा लागेल, हा हिशोबच खोटा. जाताना पेशंटची धास्ती जागं ठेवते. तो उतरला की ती उतरते, आणि रात्री 2 ते पहाटे 6 शरीर झोपच मागतं. ताशी 60 च्या वेगात 4 सेकंद डुलकी म्हणजे 65 मीटरहून जास्त अंतर. घाटात तेवढ्यात वळण येऊन जातं.

काच खाली, गाणी मोठ्याने, तोंडात तंबाखू: हे सगळं पाच-दहा मिनिटांचं. चहाही प्यायला आणि लगेच निघाला असं करू नका. त्याचा असर व्हायला 20-30 मिनिटं लागतात. म्हणून चहा घ्या, अलार्म लावा, 20 मिनिटं झोपा. उठल्यावर तोंड धुऊन, चार पावलं चालून मगच चावी फिरवा. गाडी पेट्रोल पंपावर, उजेडात लावा. घाटाच्या कडेला नको.

रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून डबल ड्युटी? सलग 17 तास जागं राहिलं की हात-डोळ्यांचा मेळ 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखा बिघडतो. कायद्याची मर्यादा 30 आहे. आणि खरं बोलायचं तर झोप नेहमी ड्युटीच खाते असं नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसा कलमांवर आंबे काढायचे आणि रात्री गाडीवर यायचं, हे आपल्यातले कितीजण करतात!

अंग दमलेलं असताना पाखाडीवरून, म्हणजे वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेवरून, पेशंट उतरवायचा असेल तर दोघांनीच जोर लावू नका. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वाडीतली दोन पोरं हाताखाली घ्या, त्यात लाज कसली?

दमलेले असताना सुईला परत टोपण लावू नका, थेट सुयांच्या डब्यात टाका. परतीला डॉक्टरांनी मागे स्ट्रेचरवर आडवं होऊ नये. पुढे, पट्टा लावून बसावं.

आणि ट्रिप क्लोज करण्याआधीच कंट्रोल रूमला सांगा, ‘गाडी अर्धा तास विश्रांतीला’. क्लोज केली की पुढचा कॉल येतो, मग नाही म्हणणं जड जातं.