मोबाईलवर टॉर कसं वापरायचं, अन् फाईल पाठवताना आम्ही कुठं आपटलो

मागच्या पावसाळ्यात केजकडच्या एका मित्राचा फोन आला. गड्या, गावातल्या नव्या रस्त्याची खडी वर आली, फोटो एका पत्रकाराला पाठवायचेत पण कुणी पाठवले ते कळू द्यायचं नाही, काय करू? मी म्हणलं टॉर आहे की. म्हणायला काय जातंय, करायला बसलो तर दोन दिवस गेले, म्हणून हे लिहायलोय.

टॉर म्हणजे काय ते आधी. समजा उदगीरहून संभाजीनगरला एसटीनं पार्सल पाठवायचंय अन् ते वाटेत तीन कंडक्टरच्या हातातून जायलंय. पहिल्याला माहीत की पार्सल तुम्ही दिलं, पण शेवटी कुठं जाणार ते नाही. तिसऱ्याला पोचवायचा पत्ता माहीत, पण दिलं कुणी ते नाही. मधल्याला ह्यातलं काहीच नाही. टॉरमधी तुमचं इंटरनेटचं ट्रॅफिक असंच जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेल्या तीन सर्व्हरवरून जातं, दर टप्प्याला कुलपाचा एक पापुद्रा निघतो, म्हणून त्याची खूण कांदा. मूळ डोकं १९९० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतलं, आता टॉर प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था हे बघते.

लोक म्हणतात व्हीपीएन आहे की माझ्याकडं. बाबा, व्हीपीएन म्हणजे एकच कंडक्टर, त्याला सगळंच माहीत. २०२२ मधी सर्ट-इननं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्ष ठेवायला सांगितली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटातलं व्हीपीएन तर विचारूच नका.

आता अँड्रॉइडवर काय करायचं. प्ले स्टोअरला टॉर ब्राउझर शोधा पण कांद्याचं चित्र बघून लगेच हाणू नका, नकली लई असतात, खाली डेव्हलपरच्या जागी द टॉर प्रोजेक्ट आहे का बघा, नाहीतर सरळ त्यांच्या साईटवरून घ्या. उघडलं की कनेक्ट दाबा अन् थांबा, पहिल्यांदा वेळ लागतो, गावाकडच्या रेंजवर तर चहा होतो. जोडलंच नाही तर सेटिंगमधी ब्रिज आहेत, म्हणजे टॉरमधी शिरायच्या आडवाटा, त्यातलं स्नोफ्लेक चालू करून बघा. ब्रिजचा दुसरा उपयोग असा की सिमवाल्या कंपनीला तुम्ही टॉर वापरायलाय हे सहज कळत नाही, नुसत्या टॉरमधी ते कळतं, काय बघताय ते तेवढं कळत नाही. सिक्युरिटी लेव्हल सेफर करून ठेवा, काही साईटी मोडक्या दिसतील, दिसू द्या. स्क्रीनशॉट निघत नाही म्हणून घाबरू नका, तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो.

अन् त्यात आपलं नेहमीचं जीमेल उघडू नका. तोंडाला रुमाल बांधून जायचं अन् दारात जाऊन नाव सांगायचं, तसलं काम आहे ते. मी एकदा हौसेनं टॉरमधून बँकेचं खातं उघडलं, बँकेला वाटलं परदेशातून कुणीतरी शिरलं, खातं लॉक, मग आधार कार्ड घेऊन अर्धा दिवस लाईनीत. पत्त्यात एचटीटीपीएस (म्हणजे साईटपर्यंतचं कुलूप) नसलेल्या साईटवर काही टाईप करू नका, कारण शेवटचा कंडक्टर पार्सल उघडून बघू शकतो.

बाकीची ॲपं टॉरवरून न्यायची असतील तर ऑर्बॉट घ्या, ते व्हीपीएनसारखं चालतं, कोणती ॲपं त्यातून जायची ते निवडता येतं. फोनमधी एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणजे दुसरं चालू असलं तर ते बंद पडणार. टॉरेंट मात्र ह्यातून ओढू नका. टॉरेंटचं ॲप तुमचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच बाहेर सांगून टाकू शकतं, अन् हौशी लोकांच्या सर्व्हरवर फुकटचा बोजा पडतो तो वेगळाच.

आता फाईल. ओनियनशेअर नावाचं ॲप आहे. फाईल निवडायची, शेअर दाबायचं, मग डॉट ओनियनवाला भला लांब पत्ता मिळतो, तो समोरच्याला सिग्नल नावाच्या मेसेजच्या ॲपवर पाठवायचा अन् त्यानं टॉर ब्राउझरमधी उघडून फाईल उतरवायची. मधी कुठलाच ड्राईव्ह नाही, कुणाचा क्लाउड नाही, फाईल तुमच्याच फोनमधून जाते. हीच गोम आहे. फोन जागा पाहिजे. मित्रानं लिंक दिली, फोन खिशात टाकला अन् गेला पाणी धरायला, बॅटरी सेव्हरनं ॲप मारून टाकलं, तिकडं पत्रकाराला रिकामं पान. दुसऱ्यांदा केलं तर लाईट गेली, टॉवरच बंद. म्हणून ओनियनशेअरची बॅटरी सेटिंग अनरिस्ट्रिक्टेड करा, फोन चार्जिंगला लावा, समोरच्याला आधी वेळ सांगा की नऊ ते साडेनऊ, अन् त्यानं मिळालं म्हणलं की शेअरिंग बंद करा. लिंक ज्याच्या हातात त्याला फाईल, त्यामुळं ती ग्रुपवर टाकायची गोष्ट नाही.

तिसरी खोट ह्याच्याही आधीची निघाली. फोटोच्या आत लोकेशन, तारीख, वेळ, फोनचं मॉडेल सगळं लिहिलेलं असू शकतं, त्याला एक्झिफ म्हणतात, अन् टॉर त्याला हातही लावत नाही. मित्राच्या फोटोचं लोकेशन नकाशात टाकलं तर त्याच्या घराचा ओटा निघाला! स्क्रॅम्बल्ड एक्झिफ नावाचं ॲप हे पुसून देतं, एफ-ड्रॉइड नावाच्या दुसऱ्या ॲप स्टोअरवर आहे. मग फोटोत काय काय दिसतंय ते मोठं करून बघा, त्याच्या एका फोटोत कोपऱ्यात त्याचीच गाडी नंबरसकट उभी होती. फाईलला स्वतःचं नाव असलं तर बदला. हे सगळं झाल्यावर गडी म्हणतो, ह्यातले दोन सकाळी मी स्टेटसला ठेवले होते. ते दोन सोडून बाकीचेच पाठवले.

आयफोनवाल्यांसाठी टॉर ब्राउझर नाही, तिथं ओनियन ब्राउझर अन् ऑर्बॉट घ्यायचं. ते ब्राउझर ॲपलच्याच वेबकिट नावाच्या इंजिनवर चालतं म्हणून अँड्रॉइडइतकं पक्कं नाही, साधं वाचायला चालतं. असल्या पाठवापाठवीला घरातला जुना अँड्रॉइड काढा.