फळ सुपारीएवढं झालं की पिशवी चढवा

मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या थंडीत परसात सफरचंदाची दोन-चार झाडं जपणाऱ्या मराठी मंडळींनो, जूनचे पहिले तीन आठवडे हातचे घालवू नका. अळी एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही.

आधी विरळणी. झुबक्यातलं सगळ्यात मोठं, निरोगी फळ ठेवा, बाकीची खुडा. दोन फळांत १५ सेंटिमीटर अंतर राहू द्या. खुडताना जीव तुटतो, पण करा. हॅरलसन आणि हनीक्रिस्प या सफरचंदाच्या जातींना एक वर्ष लगडून दुसऱ्या वर्षी रुसायची खोड आहे. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच दिवसांत धरतात, फळांचा भार असला की धरत नाहीत.

मग पिशवी. गावाकडे डाळिंबाला, पेरूला घालतात तशीच. झिपची साधी प्लास्टिक पिशवी घ्या, खालचे दोन्ही कोपरे कापा म्हणजे साचलेलं पाणी निथळेल. झिपच्या मधोमध देठ धरून दोन्ही बाजूंनी बंद करा. देठ हिसकला तर फळ गळतं, म्हणून डाव्या हाताने फांदी धरूनच काम करा. दोन झाडांना एक सकाळ पुरते. कॉडलिंग मॉथ (फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग) आणि ॲपल मॅगट (फळात अंडी घालणारी माशी), दोघांनाही याने अटकाव होतो. माझ्या मते घरच्या बागेला याहून चांगला उपाय नाही.

नुकसान कुणाचं, हे फळ कापून पाहा. बियांपर्यंत गेलेला बोगदा आणि तोंडाशी तपकिरी भुसा असेल तर कॉडलिंग मॉथ. गरात दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या तपकिरी रेघा असतील तर मॅगट. ही माशी जूनअखेरीस, जुलैच्या सुरुवातीला निघते. पिशवी न घातलेल्या झाडावर तेव्हा लाल चिकट गोळे टांगा, शंभर फळांमागे एक. गोळ्याभोवतीची पानं काढा, नाहीतर तो माशीला दिसत नाही.

पडलेलं फळ झाडाखाली राहू देऊ नका. मॅगटची अळी त्यातून मातीत उतरते, कोषात हिवाळा काढते आणि पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन वर येते. ही फळं घरच्या खतखड्यातही नकोत, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या.

शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकून काळा पडला असेल तर तो फायर ब्लाइट, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा करपा. कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या २०-३० सेंटिमीटर खालून कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा.